उंबऱ्याबाहेरची मावशी

मावशी आधी मारायची आणि मग विचारायची. बोईसरजवळच्या सरावलीत तिची पाच खोल्यांची चाळ होती, त्यातल्या एका खोलीत मी भाड्याने राहत होते. सामान उतरवत होते त्याच दिवशी केबलवाल्या पोराच्या पाठीत तिचा धपाटा बसताना पाहिला. पुसलेल्या ओट्यावर त्याने चिखल आणला असं तिला वाटलं होतं. चिखल माझ्या टेम्पोवाल्याचा निघाला. "आदी मारला का मानूस खरा बोलतो," असं मला सांगून तिने त्या पोराला चहा पाजला.

मावशी मूळची दातिवऱ्याची. नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही, मुलगा गावी बोटीवर होता. हाताला लागेल ते तिचं हत्यार, झाडू म्हणा, चप्पल म्हणा, पण जीव होता तो धुण्याच्या धोपाटण्यावर. कारखान्यातला एक सुपरवायझर माझ्या मागे मागे चाळीपर्यंत आला, तेव्हा तिने त्याला गटारात पाडून वरून धोपाटणं घातलं. "मार डाला रे!" करत तो बोईसरच्या दिशेने जो पळाला, तो दुसऱ्या दिवशी मला मॅडम म्हणायला लागला. ती बाई मला आवडली, अगदी पहिल्या धपाट्यापासून.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. सांगलीकडून तारापूरच्या औषधांच्या कारखान्यात नोकरीला आलेली. नोकरी सोड, लग्न ठरवायचंय, परत ये, असे घरून रोज फोन यायचे. मला जायचं नव्हतं आणि तसं सांगायची छातीही नव्हती. आईला विचारल्याशिवाय मी साधा कुकर घेतला नव्हता. मावशी आहे तोवर आपल्याला कोण नेतंय, एवढ्यावर मी निर्धास्त होते.

एका रविवारी माझा मोठा भाऊ दारात उभा राहिला. "बॅग भर. परवा पावणं बघायला येणार हायती."

"मी येणार नाही, दादा."

पहिल्या थपडेला माझं तोंड मांडणीवर आपटलं आणि ओठ फाटला. "लई शानी झालीस व्हय?" म्हणत त्याने केस धरले. मी मावशीच्या नावाने किंचाळले. ती धोपाटणं घेऊन धावत आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली.

"मावशी, आत ये ना!"

"नाय येनार. तू बाहेर ये. बाहेर आलीस का बगते मी त्याला."

मावशीच्या दातिवऱ्याच्या आळीची ती रीतच होती. घरचा माणूस मारायला उठला की शेजारणी दारात येऊन उभ्या राहायच्या, पण आत पाऊल टाकायच्या नाहीत. जी स्वतःहून बाहेर येईल ती त्यांची. मग तिला हात लावायची कुणाची टाप नसे. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त संताप आला, भावाचा आला त्याहून जास्त मावशीचा. त्या संतापात मी दादाच्या मनगटाचा असा चावा घेतला की तोंडात रक्त आलं. तो ओरडला, मी त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली आणि केसांचा झुबका त्याच्या मुठीत सोडून बाहेर पडले. मावशीने मला मागे ओढलं आणि त्याला रिक्षा स्टँडपर्यंत बडवत नेलं.

परत येऊन माझ्या ओठावर हळद दाबताना म्हणाली, "लाथ बरी घातलीस. मी आत आली असती ना, तर दर टायमाला माजीच वाट बगत बसली असतीस."

पावसाळ्यात बोटी बंद झाल्या आणि तिचा मुलगा चाळीत येऊन राहिला. दिवसभर प्यायचा. एका दुपारी कालवण खारट झालं म्हणून त्याचा आवाज चढला, मग भांडी पडली, मग ते धोपाटणं वाजायला लागलं. मी धावले आणि शिकवल्याप्रमाणे उंबऱ्याबाहेर उभी राहिले. सबंध गल्लीला चळाचळा कापायला लावणारी बाई डोक्यावर हात घेऊन चुलीपाशी बसली होती आणि तो तिच्या पाठीवर धुणं धोपटावं तसा मारत होता.

"मावशी, बाहेर ये!"

दार सताड उघडं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी पुन्हा ओरडले, रडले, अगं ये ना म्हणाले. ती उठली नाही.

मी आत गेले. त्याच्या हातातलं धोपाटणं हिसकलं आणि सगळ्या ताकदीने त्याच्याच हातावर घातलं. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. तो खाली बसला, आणि मावशी त्याच्याकडे धावली.

"माज्या पोराचा हात मोडलास! तुला आत कोनी बोलावला? आजच्या आज खोली खाली कर!"

तिच्या कपाळावरून रक्त गळत होतं आणि ती मला शिव्या देत होती. मी बॅग भरली, संध्याकाळपर्यंत दुसरी खोली पाहिली, कुलूप विकत घेतलं. मग आईला फोन केला. काय करू, असं विचारायला नव्हे. काय केलं, ते सांगायला. हा फरक फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आला.

मावशीवाचून मला अजून करमत नाही. बाजारात ती दिसली की मी आधी तिचे दंड बघते, मग कपाळ, कुठे निळं पडलंय का. ती तोंड फिरवते. फिरवू दे. तिच्या घरातून तसा आवाज आला, तर मी पुन्हा आत जाईन.