आईंच्या बरणीचा लिलाव

माझ्या सासूबाईंचं लिंबाचं लोणचं मी एकाच सकाळी दोनदा विकत घेतलं आणि दोन्ही वेळा हात हलवत जागेवर येऊन बसले. याला फार अक्कल लागत नाही. हंगामाचा सण आणि माझ्यासारखी एक बाई एवढं पुरतं.

आधी माझी ओळख करून देते. निवृत्त होईपर्यंत मी शिरूरच्या एका दवाखान्यात नर्स होते. राहायला दौंडला, कारण आमचे हे रेल्वेत. रोज एसटीनं जाणं-येणं. माझ्या तोंडाचा पट्टा सकाळी कंडक्टरपासून सुरू व्हायचा आणि वॉर्डात पोचेपर्यंत चांगला तापायचा. माझा आवाज जिन्यात आला की पेशंटचा ताप आपोआप उतरतो, असं आमचे वॉर्डबॉय म्हणायचे. (कौतुकानं म्हणत नव्हते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं!)

आणि अशा बाईच्या नशिबी सासू कशी यावी? तर आईंसारखी! भाजीवालीनं टोपलीत किडकी वांगी घातली की मी तिच्या खानदानाची चौकशी करायचे. आई मला मागं सारून म्हणायच्या, "बाई, उन्हात बसून डोळं दिपलं असतील गं तुझं. दिसली न्हाईत तुला. ये, पानी पी." पुढच्या खेपेला ती बाई कोवळी, काटेरी, निवडून आणलेली वांगी घेऊन दारात हजर. माझ्यासाठी नाही हो, आईंसाठी!

देण्याच्या बाबतीत तर त्या पार हाताबाहेर गेलेल्या. एकदा शेजारच्या बांधकामावरचा परप्रांतातला मजूर पाणी मागायला आला, तर त्याला माझा नवा कोरा स्टीलचा डबा भाकरीसकट देऊन टाकला.

"आई, अहो तो डबा माझा होता!"

"व्हय गं."

"मग जुना द्यायचा! मागच्या फळीवर पोचे आलेले दोन पडलेत!"

"ते कशाला द्यायचं? त्यो मानूस हाय का भंगारवाला?"

आता यावर काय बोलणार? मी मात्र बोलायचे. भरपूर बोलायचे. माझं सगळं बोलून झालं की आई शांतपणे म्हणायच्या, "सुनबाई, सांगतीस ते बरूबर हाय. फकस्त जरा कोमट करून सांग." आयुष्यभर माझ्यावर त्यांनी एवढाच एक उपचार केला. गुण आला नाही, तरी औषध बंद केलं नाही.

दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. अजूनही मी स्वयंपाकघरात ओरडते आणि ओरडून झाल्यावर क्षणभर थांबते. कुणी 'कोमट' म्हणत नाही. मग कुकरची शिट्टी होते आणि मी कामाला लागते. इतकी आठवण येते त्यांची! भांडायला माणसं पुष्कळ मिळतात हो, थांबवणारं माणूस कुठून आणायचं?

मागं राहिली ती त्यांची बरणी. मांडवगण फराट्याला आईंचं माहेर, तिथल्या भावाच्या शेतातली लिंबं. आजारी पडायच्या आधी आईंनी शेवटचं लोणचं घातलं ते हे. मुरून काळंभोर झालेलं, फोड जिभेवर ठेवली की विरघळणारी. चिनी मातीची बरणी, आणि तिच्या तोंडाला दादरा बांधलेला तो आबांच्या जुन्या निळ्या चौकड्याच्या शर्टाचा.

आबा म्हणजे माझे सासरे. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं जवळजवळ बंदच झालं. चहा घ्यायचा, खिडकीत बसायचं, मालगाडी गेली की मान तिच्यामागं न्यायची आणि परत आणायची. फक्त रविवारी चर्चहून आलं की मी त्यांच्या ताटात आईंच्या लोणच्याची एक फोड वाढायचे. ते डोळे मिटून ती तोंडात धरायचे आणि म्हणायचे, "हाय अजून." बस्स! आठवड्याचं बोलणं संपलं.

त्या दोन शब्दांसाठी मी त्या बरणीवर नागोबासारखी बसले होते. स्वतः चाखत नव्हते. यांनी एकदा चमचा घातला तेव्हा मी अशी किंचाळले की पलीकडच्या क्वार्टरमधला माणूस काठी घेऊन धावत आला! पण कितीही जपलं तरी पातळी खाली चाललीच होती. बरणी संपली की आबांचं 'हाय अजून' संपणार, आणि मग त्या घरात काय उरणार, हे माझ्या मनात आलं की मी घाईघाईनं दुसरं काहीतरी काम काढायचे.

आता हंगामाचा सण. आमच्या चर्चमध्ये पीक घरात आलं की पहिला वाटा देवापुढं आणतात. राहू गावाकडची मंडळी ऊस, बाजरी, भोपळे आणतात, कुणी गावठी कोंबडी आणतं (ती उपासनाभर बोलत असते), आणि आमच्यासारखे शेत नसलेले घरी केलेलं काहीतरी नेतात. उपासना झाली की या सगळ्याचा लिलाव. गंमत पुढं आहे. वस्तू घेणारा ती घरी नेत नाही! पैसे भरतो, आणि मोठ्या मनानं म्हणतो, "परत देवाला." की पुन्हा तिचाच लिलाव. एकेक भोपळा पाच-पाच घरांचा होतो आणि एकाही घरी शिजत नाही. घरी न्यायला बंदी नाही कुणाची. पण नेणाऱ्याकडे लोक अशा काही नजरेनं बघतात की भोपळा घशाखाली उतरू नये.

आदल्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला तो गोड बोलण्यावर आणि सढळ हातानं देण्यावर. पाळकसाहेब तरुण आहेत, पण तासभर माझ्याकडेच बघत होते असं मला वाटलं. (हे म्हणाले, सगळ्यांनाच तसं वाटलं. खोटं! बाकीचे झोपले होते.) मी मनाशी ठरवलं, सणाचा एक दिवस तरी आईंसारखी वागेन. कडू शब्द नाही, हात आखडता नाही. मी स्वतः लिंबाचं लोणचं घातलं, आईंच्याच जोडीतल्या दुसऱ्या बरणीत भरलं, आणि वर माझ्या हाताशी असलेला पांढरा बँडेजपट्टा छान घट्ट बांधला. सणाच्या सकाळी मी साडीच्या निऱ्या घालत होते, तेव्हा आबा आपण होऊन म्हणाले, "बरनी म्या घेतू."

मला इतकं बरं वाटलं! आबा बोलले! मी पिशवीत वाकून बघितलंसुद्धा नाही.

चर्चमध्ये मी साखरेचा पुतळा झाले होते. माझ्या जागेवर बसलेल्या बाईला "बसा हो, बसा" म्हटलं, तर ती घाबरून उठून गेली. लिलाव सुरू झाला. ऊस गेला, परत आला, कोंबडी गेली, परत आली. मग पाळकसाहेबांनी टेबलावरून बरणी उचलली.

"आणि हे सिस्टरबाईंच्या हातचं लिंबाचं लोणचं!"

बरणीच्या तोंडाला बँडेज नव्हतं. निळा चौकडा होता.

यांच्या दंडाला चिमटा काढून मी म्हटलं, "अहो! आईंची बरणी!"

"व्हय, जोडीतली ना?"

"जोडीतली नाही हो, आईंची! लोणच्याची!"

"मग लोणच्याचीच आणायची होती ना?"

या माणसानं रेल्वे कशी चालवली देव जाणे. मागं वळून बघितलं, आबा शेवटच्या बाकावर शांत बसलेले. म्हटलं, बिचाऱ्यांकडून चुकून दुसरीच उचलली गेली, आणि अजून कळलेलंही नाही. त्यांना कळायच्या आत सोडवून आणू. उठले आणि बोली लावली, ती अशी दणदणीत लावली की पुढं कुणी तोंडच उघडलं नाही. तरातरा गेले, बरणीला हात घातला, तोच पाळकसाहेब गहिवरून म्हणाले, "बघा! स्वतःच आणली, स्वतःच घेतली आणि सिस्टरबाई ती परत देवाला देत आहेत!"

टाळ्या! हालेलुया! माझ्या जिभेच्या टोकाशी जे आलं होतं ते त्या इमारतीत आजवर कुणी उच्चारलेलं नाही. पण दिवस गोड बोलण्याचा होता ना! मी ते सगळं गिळलं आणि म्हटलं, "हो... आनंदानं." हात हलवत परत आले.

आता कोरेगाव भीमाचे दयानंदभाऊ उठले. कंपनीत लेबर पुरवण्याचं त्यांचं काम, मन मोठं, आवाज त्याहून मोठा. "सिस्टर सोताचं लोणचं सोता घ्येतीया, म्हंजी मालात दम हाय!" आणि त्यांनी बोली चढवली. मी वर गेले, ते त्याच्या वर. मी त्यांच्याकडे बघून गोड हसले. (हे नंतर म्हणाले, तशी हसताना तुला फक्त माझ्या ऑपरेशनच्या आधी बघितलंय.) शेवटी ते जिंकले, छाती फुगवून म्हणाले, "परत देवाला!" आणि मी दोन्ही हात जोडून देवाचे आभार मानले. लोकांना वाटलं, काय भाविक बाई आहे!

तिसऱ्या फेरीत मी जीव तोडून बोलले आणि जिंकले. या वेळी पाळकसाहेबांनी तोंड उघडायच्या आत बरणी उचलून पोटाशी धरली.

"पाळकसाहेब," मी मधात घोळून म्हटलं, "ही जरा घरी न्यावी म्हणते."

ते हसले. "सिस्टरबाई, किती नम्रता! पुन्हा द्यायला संकोच वाटतोय त्यांना!"

पुन्हा टाळ्या! दयानंदभाऊ मदतीला धावले, "द्या सिस्टर, म्या ठिवतो टेबलावर," आणि त्यांनी बरणीला हात लावला. आणि माझा सगळा मध एका क्षणात आटला.

"हात काढा!" मी ओरडले. तोच तो वॉर्डातला आवाज! "नाही द्यायची मला! देवाला नाही, कुणाला नाही! माझ्या आईंची आहे ती! दुसरं काय राहिलंय माझ्याकडं त्यांचं?"

कोंबडीसुद्धा गप्प. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि बरणी सोडवत नव्हती. आणि मागच्या बाकावरून आवाज आला.

"सुनबाई, जरा कोमट करून."

दोन वर्षांनी! मी तशीच उभी राहिले. आबा काठी टेकत पुढं आले.

"आबा, अहो चुकून ही बरणी आली."

"चुकून न्हाई. म्याच आनली."

"तुम्ही? का पण?"

"तळ दिसाया लागला व्हता बरनीचा. तू फळीकडं बगतीस, म्या तुझ्याकडं बगतो. लोनचं खायाचं असतंय का राखायचं?" मग म्हणाले, "ती असती तर तिनं कंची आनली असती, सांग? पुढली का मागल्या फळीवरली?"

मला तो स्टीलचा डबा आठवला. मी बरणी टेबलावर ठेवली. कशी ठेवली ते माझं मला माहीत.

शेवटची बोली राहूच्या मार्थाआत्यांनी लावली. मार्थाआत्या आईंच्या वयाच्या, आईंच्या मैत्रीण. बोली लहानच होती, पण दयानंदभाऊंसकट सगळे खाली बघून गप्प राहिले. आत्यांनी बरणी घेतली आणि 'परत देवाला' म्हणाल्या नाहीत. घरीही नेली नाही. बाहेर मंडपात प्रीतिभोजनाची पंगत बसली होती, तिथं त्यांनी दादरा सोडला आणि वाढायला सुरुवात केली. बोटाएवढी फोड, तीही अर्धी करून, प्रत्येकाच्या पानात.

आणि पंगत बोलायला लागली. एक बाई म्हणाली, "माझ्या बाळंतपणात त्यांनी असंच पाठवलं व्हतं." दयानंदभाऊंनी फोड तोंडात घातली आणि त्यांचा आवाज एकदम लहान झाला. म्हणाले, नोकरी सुटली तेव्हा त्या माउलीनं मला 'आळशी' नाही म्हटलं, 'दमलायस' म्हटलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. एवढी वर्षं एका घरात राहून मला वाटायचं, आई फक्त माझे डबे वाटतात!

आबांनी डोळे मिटले, फोड तोंडात धरली आणि म्हणाले, "हाय अजून." पंगतीतून दोन-तीन जण म्हणाले, "हाय ना, आबा!"

आत्या माझ्यापर्यंत आल्या तेव्हा बरणीत फोड उरली नव्हती. दोनदा विकत घेणारीच्या पानात शून्य! आत्यांनी बरणी माझ्या हातात दिली. मी भाकरीचा तुकडा आत घालून चौफेर फिरवला, खार पुसून काढला आणि खाल्ला. आईंची चव दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडात आली. मी तिथंच पदर तोंडाला लावून रडले आणि या वेळी कुणीही मला थांबवलं नाही.

पुढच्या रविवारी मात्र मी रिकामी बरणी पुढ्यात घेऊन बसले. ताटात काय वाढणार? शेवटी माझी ती बँडेजवाली बरणी काढली आणि एक फोड आबांच्या पानात ठेवली. आबांनी ती तोंडात घातली. त्यांचा एक डोळा मिटला, मग दुसरा, मग कान हलले. आज काही ते दोन शब्द येत नाहीत, हे मला कळून चुकलं. बराच वेळ त्यांनी फोड या गालातून त्या गालात नेली, पाणी प्याले, आणि अगदी मायेनं माझ्याकडे बघत म्हणाले,

"सुनबाई, येत्या सनाला हीच बरनी न्येऊ."

"आवडलं, आबा?"

"घरी कुनीबी न्येनार न्हाई बग. सारखी परतच देतील. देवाचं लई भलं व्हईल."

हे जेवता जेवता ठसक्यानं लाल झाले. मी ओरडायला तोंड उघडलं आणि आबांच्या ताटात आणखी एक फोड वाढली. आई गेल्यापासून इतकं कोमट करून मला कुणी काही सांगितलं नव्हतं!