खरबूज, संत्रं आणि चिमूटभर मीठ

काचेच्या कारखान्यात भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसांना उन्हाळ्यात प्यायला काय द्यायचं, हे ठरवण्याचं काम ताईंनी एकतीस वर्षं केलं. त्या कारखान्याच्या कँटीनप्रमुख होत्या. भट्टीवरची माणसं सुकलेल्या पानासारखी होऊन यायची आणि ताई त्यांच्यासमोर स्टीलच्या पिंपाची तोटी सोडायच्या. पिंपात खरबुजाचा गर, संत्र्याचा रस, चुरगळलेला पुदिना, बर्फ आणि मीठ. "माझ्या पिंपातलं प्यायलेला माणूस भट्टीसमोर कधी आडवा पडला नाही," असं त्या निवृत्तीनंतरही ठणकावून सांगायच्या. बढाई म्हणावी, तर ती खरी होती.

निवृत्त झाल्या, पण हात काही गप्प बसेनात. उन्हाळा लागला की इमारतीतल्या चारही मजल्यांवर त्यांचे ग्लास जायचे. एकदा भाचीने ते बघितलं आणि म्हणाली, "आत्या, याला आता मॉकटेल म्हणतात." ताई म्हणाल्या, "म्हणू देत. मोठं नाव दिलं म्हणून खरबुजाचं काही कलिंगड होत नाही." पण तेव्हापासून त्या वरून थोडा सोडा ओतायला लागल्या, आणि ग्लासाच्या कडेला संत्र्याची चकती खोचायला लागल्या.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि आला तो ठाण मांडूनच बसला. सकाळी नऊला जिन्याचा लोखंडी कठडा हाताला चटका द्यायचा. पाखरं दिसेनाशी झाली होती. रस्त्यावरचं डांबर दुपारी इतकं मऊ व्हायचं की त्यात चपलांचे ठसे उमटत. अशाच एका दुपारी ताईंचा धाकटा भाऊ एक सुटकेस आणि औषधांचा डबा घेऊन दारात उभा राहिला.

धाकटा घड्याळं दुरुस्त करायचा. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. तिळाएवढे स्क्रू त्याच्या बोटांत लेकरासारखे शांत राहायचे. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, मग दुकानही गेलं. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. तिनेच आग्रह धरला होता, "बाबा, एकटे राहू नका, आत्याकडे जा."

"डॉक्टर काय म्हणतात?" ताईंनी पाणी देता देता विचारलं.

"काय म्हणणार? वय झालं म्हणतात. मीठ कमी करा म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच गं. तू लगेच कँटीनची चौकशी सुरू करू नकोस."

ताई हसल्या. भावाचे पाय जरा सुजलेले होते, पण प्रवासात कुणाचे सुजत नाहीत? त्यांनी फ्रिज उघडला आणि त्याच्यासाठी ग्लास भरला. धाकट्याने ग्लास हातात घेतला आणि क्षणभर नुसता बघत राहिला. मग एका दमात संपवला. डोळे मिटून म्हणाला, "ताई, कित्येक वर्षांत असं काही प्यायलो नव्हतो."

बहिणीला आणखी काय हवं? दुसऱ्या दिवशीपासून सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. मीठ कमी सांगितलंय म्हणून ताई मुद्दाम कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने कमी सोडियमचं मीठ काढून दिलं. पाकिटावर लाल बदामाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, हृदयाची काळजी. ताईंनी जुनं मीठ डब्यातून काढलं, डबा घासून पुसला आणि नवं मीठ भरलं. आपल्याकडून काही राहू द्यायचं नाही, असा त्यांचा स्वभाव.

आठवडाभरात धाकटा मंदावला. आधी तो जिना एका दमात चढायचा, आता मधल्या वळणावर थांबायला लागला. विचारलं तर म्हणायचा, "पायांत कापूस भरल्यासारखं वाटतं." ताई म्हणाल्या, "ऊन बाधतंय. भट्टीवरच्यांचंही असंच व्हायचं." आणि त्या दिवशी त्यांनी ग्लासात अर्धं केळंही घुसळलं, पायांत जोर यावा म्हणून.

मग एका सकाळी तो खिडकीशी बसून शेजारच्यांचं गजराचं घड्याळ उघडत होता. ताई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. टिक्, काहीतरी फरशीवर पडलं. थोड्या वेळाने पुन्हा टिक्. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा त्या हात पुसत बाहेर आल्या. धाकटा आपल्या बोटांकडे बघत होता, दुसऱ्या कुणाची असावीत तसा. स्क्रू टेबलाखाली लोळत होते.

"काय झालं रे?"

"काही नाही. घाम आलाय हाताला."

पण हात कोरडे होते. ताईंनी स्वतः धरून बघितले. एकतीस वर्षं उष्णतेने मलूल झालेली माणसं त्यांनी ओळखली होती. हे त्यांतलं नव्हतं, आणि तरीही त्यांना एकच उपाय ठाऊक होता. त्यांनी ग्लास भरून आणला.

त्याच दिवशी भाचीचा फोन आला. "आत्या, बाबांचं सगळं नीट चाललंय ना? तो कागद..." एवढंच ऐकू आलं, तोवर धाकट्याने फोन मागून घेतला. "हो गं, हो. आत्या सगळं बघते," म्हणाला आणि फोन ठेवला.

"कसला कागद?"

"सुटकेसची पावती. विसर."

ताईंनी विसरायचा प्रयत्न केला. रात्री त्याच्या खोलीवरून जाताना मात्र त्या दोनदा थांबल्या. तिसऱ्या दिवशी धाकटा म्हणाला की ओठांभोवती मुंग्या येतात आणि छातीत मधूनच एखादा ठोका चुकतो. "घड्याळाचा लंबक अडकतो ना, तसं." तो हसला. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्या डॉक्टरकडे जायचं. तुझं काही ऐकणार नाही."

उद्यापर्यंत थांबावं लागलं नाही. दुपारी तीनला खालच्या मजल्यावरच्या सिस्टर सकाळची ड्यूटी आटपून घरी येत होत्या. त्या मोठ्या रुग्णालयात परिचारिका होत्या. जिन्याच्या वळणावर त्यांना धाकटा पायरीवर बसलेला दिसला. हातात पेपर, चेहरा राखेसारखा.

"काका, काय झालं?"

"जरा दम घेतोय."

सिस्टरांनी त्याचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत राहिल्या. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. त्यांनी जिन्यातूनच हाक मारली, "ताई! यांच्या औषधांचा डबा घेऊन या. लगेच!"

ताई धावत आल्या. सिस्टरांनी डबा उघडला, दोन पट्ट्या उलटून वाचल्या आणि मान वर केली. "काकांच्या किडन्या खराब आहेत, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

ताईंना वाटलं त्या दुसऱ्या कुणाबद्दल बोलताहेत.

"खाण्यापिण्यात काय देता यांना?"

"काही जड नाही हो. फळांचा रस. खरबूज, संत्रं. थोडं केळं. आणि मीठसुद्धा ते कमी सोडियमवालं, हृदयासाठी चांगलं असतं ते..."

सिस्टरांचा चेहरा बदलला. तो बदल ताई पुढे कधी विसरल्या नाहीत. "खुर्ची आणा," एवढंच त्या म्हणाल्या. चौथ्या मजल्यावरचे सुतारमामा खुर्ची घेऊन आले, आणि धाकट्याला त्या खुर्चीतूनच दोघातिघांनी खाली उतरवलं.

रुग्णालयात त्याच्या छातीला तारा लावल्या. पडद्यावरची रेघ ताईंना कळत नव्हती, पण ती बघून तरुण डॉक्टरीण धावत कुणाला तरी बोलवायला गेली, ते कळलं. इंजेक्शनं झाली, सलाईन झालं. मग त्याला रक्त शुद्ध करायच्या यंत्राकडे नेलं. बऱ्याच वेळाने डॉक्टरीण बाहेर आली आणि ताईंच्या शेजारी बाकावर बसली.

"फळांमध्ये पोटॅशियम असतं. तुम्हाआम्हाला चांगलं. यांच्या किडन्या ते बाहेर टाकू शकत नाहीत. ते रक्तात साठतं आणि हृदय थांबवतं. आणि ते मीठ तर... त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं, आजी."

"म्हणजे मी रोज..."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. यांना मात्र लेखी दिलेलं होतं."

कागद सुटकेसच्या अस्तरात सापडला, चार घड्या घातलेला. वर्ज्य पदार्थांच्या यादीत पहिल्या चार ओळींत संत्रं, केळं आणि खरबूज होतं. शेवटी लाल शाईने अधोरेखित केलं होतं: दिवसाला पाणी मोजून. ताईंनी तो कागद उभ्यानेच शेवटपर्यंत वाचला.

तिसऱ्या दिवशी धाकटा बोलण्याजोगा झाला. ताई पलंगाजवळ उभ्या होत्या. त्यांनी त्याची विचारपूसही केली नाही.

"का लपवलंस?"

तो छताकडे बघत होता. "चार वर्षं मोजून पाणी पितोय, ताई. बायको होती तोवर तीच मोजायची. ती गेल्यावर भाज्या दोनदा उकळायचो आणि क्षार उतरलेलं ते पाणी ओतून देऊन एकटाच जेवायचो. तुझ्याकडे पेशंट म्हणून यायचं नव्हतं मला. तू ग्लास पुढे केलास, म्हटलं, आजचा एक दिवस. मग दुसऱ्या दिवशीही तू ग्लास घेऊन उभी."

"माझ्या हातून मरायला निघाला होतास तू!" ताईंचा आवाज चढला. शेजारच्या पलंगावरचा माणूस वळून बघायला लागला. "माझ्या हातून! उद्या मी कुणाला तोंड दाखवलं असतं? स्वतःला तरी?"

धाकट्याने त्यांचा हात धरायचा प्रयत्न केला. ताईंनी तो धरू दिला.

तो वाचला. आठवड्यातून दोनदा यंत्राला लावायचं ठरलं आणि ताई दर वेळी सोबत जायला लागल्या. आहार सांगणाऱ्या बाईंपुढे त्या वही घेऊन बसल्या. सफरचंद चालेल, अननस थोडा चालेल, पाणी मापात. मग त्यांनी सफरचंद आणि अननसाचा रस काढला, पुदिन्याची दोन पानं टाकली आणि औषधाच्या मापाने अर्धी वाटी भरली. धाकटा पीत होता तेव्हा त्या समोर बसून त्याच्या ओठांकडे, मग बोटांकडे, मग छातीकडे बघत होत्या.

"असं बघू नकोस गं. घोट उतरत नाही."

"मग कसं बघू?"

त्याने वाटी रिकामी केली.

इमारतीत त्या वर्षी ग्लास गेले नाहीत. पुढच्या वर्षी लोकांनी आठवण केली तेव्हा ताई आधी प्रत्येक दारात जाऊन विचारून आल्या, कुणाला काय आजार, कुणाच्या कुठल्या गोळ्या. लोक गमतीने म्हणायचे, ताईंकडे रस प्यायचा तर रिपोर्ट घेऊन जावं लागतं. ताई त्या विनोदावर हसायच्या नाहीत.

धाकटा त्यानंतर तीन वर्षं जगला. घड्याळं पुन्हा उघडायला लागला, पण बारीक कामं मात्र घेत नसे. एका हिवाळ्यात सकाळी तो उठलाच नाही. हृदय थांबलं होतं, झोपेतच. सगळे म्हणाले, शांत गेला, सुटला.

तेराव्या-चौदाव्या दिवशी ताई रुग्णालयात गेल्या आणि त्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. "एकच विचारायचंय. त्या उन्हाळ्यात त्याचं हृदय दुखावलं असेल, ते तेव्हापासूनच..."

डॉक्टरीण म्हणाली, "तसं ठामपणे सांगता येत नाही, आजी. हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही."

परतताना बरोबर सिस्टर होत्या. जिन्याच्या वळणावर ताईंचा पाय थबकला, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "ताई, आता हा प्रश्न सोडा."

"सोडते," ताई म्हणाल्या. पण सुटला नाही तो.