साठ भागिले बारा, ढोबळेभाऊंचं उत्तर चार

"सिक्स्टी डिव्हायडेड बाय ट्वेल्व्ह?"

"फोर," ढोबळेभाऊंनी छाती काढून सांगितलं.

मागच्या बाकावर दोघंजण खुसखुसले. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, ते गप्प झाले. मग पुढचा प्रश्न टाकला. "फॉर्टी-एट डिव्हायडेड बाय ट्वेल्व्ह?"

"थ्री."

तोंडी परीक्षेला सहा दिवस उरले होते. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलची ती ट्रेनिंग रूम. रोलिंग मिल म्हणजे तापवलेलं लोखंड रोलरमधून काढून बांधकामाच्या सळया करायचा कारखाना. मी आयटीआयमध्ये पंचवीस वर्षं वर्कशॉपचं गणित शिकवलं. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून अशा कारखान्यांत ट्रेनिंग घेते. माझ्या हाताखालून गेलेला माणूस गणितात नापास होत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातले माझे शेजारी ते ऐकून कंटाळले होते.

काम असं होतं. सळई रोलरमधून निघते तेव्हा लांबलचक असते. ती थंड झाली की बारा-बारा मीटरला कापायची. कापायच्या यंत्राला शिअर म्हणतात, म्हणजे लोखंडाची दांडगी कात्रीच. मिलने नवी शिअर घेतली होती आणि तिला स्क्रीन होती. स्क्रीनवर सगळं इंग्रजी. टोटल लेंथ, सबट्रॅक्ट, डिव्हाइड, रिमेंडर. यंत्र देणाऱ्या कंपनीची अट होती की त्यांचा इंजिनियर ऑपरेटरची तोंडी परीक्षा घेईल. शब्द आणि हिशेब ज्याला येईल, त्याच्याच हाती यंत्र.

"हिंदीत स्क्रीन नाही का?" मी पहिल्या दिवशी एचआरच्या तिवारीजींना विचारलं होतं.

"नहीं है, मॅडम जी. चौदा लोग हैं. पास कराइए. जो फेल, वो बिलेट यार्ड में."

बिलेट यार्ड म्हणजे कच्च्या लोखंडाचे ठोकळे ठेवायचं उघडं मैदान. रायपूरच्या मे महिन्यात तिथे काय होतं ते सांगायला नको. ढोबळेभाऊ बावन्न वर्षांचे, तुमसरकडचे. एकोणीस वर्षं जुन्या शिअरवर. एक गुडघा गेलेला. मिलमध्ये दोन ढोबळे होते आणि यांना सगळे 'शिअरवाले ढोबळे' म्हणत. यार्डात गेले असते तर गुडघा गेला असता आणि नावही गेलं असतं.

शब्द मी माझ्या पद्धतीने शिकवले. हवेतलं शिकवायचं नाही, कामातलं शिकवायचं, हा माझा जुना खाक्या. एक मोठा तक्ता केला. ॲड म्हणजे दोन बंडलं एकत्र करणं. सबट्रॅक्ट म्हणजे सळईचं खराब टोक छाटणं. मल्टिप्लाय म्हणजे एका बंडलातल्या सळया गुणिले बंडलं. डिव्हाइड म्हणजे शिअरवर कापणं. तक्त्यावर मी फार खूश होते. फोटो काढून मुलीलाही पाठवला. तिने हिंदीत 'मस्त है आई' असं लिहून मिटवलं.

बाकीची भानगडही रोजची होती. प्रॉडक्ट म्हणजे गुणाकाराचं उत्तर, हे सांगताना माझा घसा बसला, कारण मिलमध्ये प्रॉडक्ट म्हणजे सळई आणि दुसरं काहीही नाही. 'सबट्रॅक्ट थ्री फ्रॉम सिक्स्टी' म्हटलं की सगळे तीन आधी लिहायचे आणि त्यातून साठ जात नाहीत म्हणून माझ्याकडे बघत बसायचे. फ्रॉमनंतरचा आकडा आधी लिहा, असं चार दिवस घोकून घेतलं. हळूहळू गाडी रुळावर आली. तेरा जण बरे चालले होते. चौदावे ढोबळेभाऊ भागाकार आला की एकाने कमी सांगायचे. दरवेळी एकाने कमी.

वर्ग सुटल्यावर मी त्यांना थांबवलं.

"ढोबळेभाऊ, पाढे कच्चे आहेत का?"

त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मॅडम, मले बाराचा पाढा वीसपर्यंत येते. पावकी येते. निमकी येते. सव्वाकी म्हणून दाखवू का?"

आणि त्यांनी म्हणून दाखवली. सव्वाकी म्हणजे सव्वाचा पाढा. आमच्या आजोबांच्या पिढीने शाळेत पाठ केलेला, मलाही दहाच्या पुढे येत नाही. ढोबळेभाऊ न अडखळता म्हणत गेले आणि मला आपण काय विचारून बसलो याची लाज वाटली.

"मग साठ भागिले बारा चार कसे?"

"चारच होते ना मॅडम," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं करून राहिलो."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेल्मेट घातलं आणि जुन्या शिअरपाशी जाऊन उभी राहिले. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण पंचवीस वर्षं शिकवल्यावर माणसाला वाटतं, आपल्याला सगळ्या कारखान्यांतलं सगळं कळतं.

साठ मीटरची सळई आली. दोन्ही टोकं आधीच छाटलेली. ढोबळेभाऊंनी पायाने पेडल दाबलं. धाड. शिअरच्या संरक्षक पत्र्यावर खडूची एक रेघ. सळई सरकली. धाड, दुसरी रेघ. तिसरी. चौथी. चौथ्या धाडनंतर उरलेला शेवटचा तुकडा बारा मीटरचाच होता. तो आपोआप घरंगळून पलीकडे गेला. त्यांनी चार रेघा पुसल्या आणि पुढच्या सळईकडे वळले.

तुकडे पाच. कट चार.

शिअरवाल्याच्या कामात कट मोजतात. त्याच्या शिफ्टच्या कागदावरही कटच लिहायचे असतात, कारण ब्लेड किती झिजलं ते कटावरून कळतं. तुकडे मोजायचं काम वीस पावलं दूर, भिंतीपलीकडे, बंडलं बांधणाऱ्यांचं. ढोबळेभाऊंना एकोणीस वर्षांत शेवटचा तुकडा मोजायचं कारणच पडलं नव्हतं. आणि डिव्हाइड म्हणजे शिअरवर कापणं, असं ठळक अक्षरांत त्यांना कोणी शिकवलं होतं? मी. माणसाने माझा शब्द पाठ केला होता आणि इमानदारीने तसंच उत्तर देत होता.

मला हसू आलं आणि स्वतःचा रागही आला. पण उपाय सोपा वाटला. "ढोबळेभाऊ, तुमचं उत्तर आलं की त्यात एक मिळवा आणि मग सांगा. झालं काम."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

दोन दिवस बहार होती. साठ, अठ्ठेचाळीस, बहात्तर, काहीही विचारा, उत्तर बरोबर. मी तिवारीजींना सांगून टाकलं की चौदाच्या चौदा पास समजा.

तिसऱ्या दिवशी रिमेंडर घेतलं. रिमेंडर म्हणजे भागून उरलेली बाकी. मिलमध्ये ती डोळ्यांना दिसते: बारा मीटरचे तुकडे पाडून शेवटी जो आखूड तुकडा उरतो, तो. पूर्ण तुकड्यांच्या आकड्याला, म्हणजे भागाकाराला, क्वोशंट म्हणतात.

"सिक्स्टी-टू डिव्हायडेड बाय ट्वेल्व्ह. क्वोशंट?"

ढोबळेभाऊंनी डोळे मिटले. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय हलकेच पेडल दाबत होता. पाच वेळा. मग ते म्हणाले, "सिक्स."

बासष्ट मीटरमध्ये बाराचे तुकडे पाच, दोन मीटर बाकी. आणि ती दोन मीटरची बाकी वेगळी करायला पाचवा कट मारावा लागतो. म्हणजे इथे कटही पाच आणि तुकडेही पाच. एक मिळवायचा तो फक्त काही उरत नसेल तेव्हा. माझी युक्ती अर्ध्याच प्रश्नांना लागू होती आणि मी ती त्यांच्या डोक्यात पक्की बसवली होती.

"मॅडम, आता मिळवायचा का नाही मिळवायचा?" त्यांनी विचारलं. आवाजात पहिल्यांदाच भीती होती. "मी विसरून जाईन. सायबासमोर मले आठवणार नाई."

दोन दिवस उरले होते. मी तिवारीजींकडे गेले.

"ढोबळे को कल की शिफ्ट बंडलिंग में भेजिए."

"बंडलिंग में? वो तो हेल्परों का काम है, मॅडम जी. वो मानेगा?"

ढोबळेभाऊ मानले नाहीत. दुपारी ट्रेनिंग रूमच्या दारात येऊन उभे राहिले, आत आले नाहीत. "मले तिकडे काहून पाठवून राहिले मॅडम? परीक्षा व्हायच्या आधीच फेल केलं का मले?" ते ओरडले नाहीत, म्हणून जास्त लागलं. एकोणीस वर्षांच्या माणसाला मी हेल्परांत उभं करत होते आणि चूक माझी होती.

"चूक तुमची नाही, माझी आहे," मी म्हटलं. "मी तुम्हाला कापायच्या बाजूने शिकवलं. मशीनला पडलेला माल पाहिजे. उद्या मी पण येते तिकडे. दोघं मोजू."

त्यांनी माझ्या साडीकडे बघितलं, मग पायातल्या चपलांकडे. "जोडे घालून या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सेफ्टी शूज घालून भिंतीपलीकडे उभी होते. शेजारी ढोबळेभाऊ. धूळ, उष्णता, आणि तिथून शिअर दिसतच नाही. फक्त धाड ऐकू येते आणि तुकडा येऊन पडतो. कट दिसत नसल्यामुळे ते मोजायची सवय निम्मी तिथेच गळाली. पडलेला तुकडा मोजायचा. आखूड आला तर बाजूला टाकायचा आणि म्हणायचं, रिमेंडर.

"फाइव्ह. रिमेंडर निरंक," ते म्हणायचे. पुढची सळई. "फाइव्ह. रिमेंडर दोन मीटर."

"टू," मी म्हणायचे.

"टू."

दीड तासाने त्यांनी एकाएकी हात वर केला. "समजलं, बाप्पा. मी तिकडून पाहून राहिलो होतो. डिव्हाइडले आवाज नाई मोजायचा. माल मोजायचा." मग म्हणाले, "आणि मॅडम, उरलं काही तं कट आणि माल सारखे. नाई उरलं तं कट एकानं कमी. असं सांगायचं होतं ना तुम्ही."

हे मला दोन दिवस आधी सांगता आलं नव्हतं. त्यांनी एका दमात सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी तिथेच टाळ्या वाजवल्या. बंडलं बांधणारे बघत राहिले.

परीक्षेला इंजिनियर आला तो तरुण, शिस्तीचा, घड्याळाकडे बघणारा. एकेकाला पाच प्रश्न. मी मागे खुर्चीवर. ढोबळेभाऊंचा नंबर बारावा होता आणि तोपर्यंत मी दोन बाटल्या पाणी संपवलं होतं.

"सबट्रॅक्ट फोर फ्रॉम सेव्हंटी."

"सिक्स्टी-सिक्स."

"नाऊ डिव्हाइड बाय ट्वेल्व्ह."

माझी नजर त्यांच्या उजव्या पायावर गेली. पाय हलला नाही.

"क्वोशंट फाइव्ह, रिमेंडर सिक्स," ते म्हणाले. मग श्वास घेऊन हिंदीत पुढे बोलले, "सर, आपकी स्क्रीन पे सिर्फ पीस दिखता है. कट भी दिखना चाहिए. इसमें कट पांच है. छियासठ की जगह साठ होता तो पीस पांच ही, मगर कट चार. ब्लेड बदलने का टाइम कट से पता चलता है, पीस से नहीं."

इंजिनियरने पेन खाली ठेवलं. कागदावर त्याने स्वतः आकडेमोड करून बघितली. एकदा साठची, एकदा सहासष्टची. "ये आपको किसने सिखाया?"

मी खुर्चीत सावरून बसले. पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, नाव सांगायला हरकत नव्हती.

"शिअर ने," ढोबळेभाऊ म्हणाले. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि मोठ्या मनाने जोडलं, "मॅडम भी साथ में खड़ी थीं."

चौदापैकी तेरा पास झाले. जो एक राहिला तो महिनाभराने झाला. नव्या शिअरच्या पहिल्या शिफ्टला तिवारीजींनी ढोबळेभाऊंचं नाव लावलं. कट मोजायचा आकडा स्क्रीनवर नंतर आला, पण त्याचं श्रेय कंपनीने आपल्याच इंजिनियरला दिलं. ढोबळेभाऊंना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, मी तिवारीजींना तसं सुनावलंही.

तेव्हापासून एक गोष्ट मी नोंदवून ठेवली आहे. जो कधी अकराने, कधी सातने, असं वाटेल तसं चुकतो, त्याला पाढे शिकवावेत. पण जो दरवेळी बरोबर एकानेच चुकतो, त्याला गणित येत असतं. त्याच्या शेजारी जाऊन उभं राहावं. जोडे घालून.