रुखवताचा मिक्सर

दुसरबीडचे माझे थोरले साडू जगातल्या प्रत्येक दुखण्याला, किडीला आणि पाहुण्याला एकच औषध देतात, ते म्हणजे कडुनिंब. ज्वारीच्या कोठीत निंबाचा पाला, डासांना त्याच पाल्याचा धूर. मी मुक्कामाला गेलो की माझा ब्रश परत पिशवीत कोंबून हातात निंबाची काडी देतात. एकदा मला नुसती शिंक आली, तर आंघोळीच्या पाण्यात इतका पाला टाकला की दिवसभर माझ्याच अंगाचा वास मला सोसेना. "निंब असल्यावर डाक्टर काऊन पायजे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

लेकीच्या लग्नात वांग्याची भाजी घरच्या मळ्यातली असेल आणि वांग्यांवर बाजारचं औषध पडलेलं नसेल, असं त्यांनी व्याह्यांना छातीठोक सांगितलं होतं. लग्न महिन्यावर आलं आणि वांग्यांचे शेंडे माना टाकू लागले. आत अळी शिरली होती. त्यांची बायको, म्हणजे आमच्या ताई, कडाडल्या, "बाजारचं औषध मारा, नाही तं वऱ्हाडाले काय निंबाचा पाला वाढता?" साडूंनी किडके शेंडे खुडले आणि वाळवून ठेवलेल्या निंबोळ्या काढल्या. पण खांदा धरलेला, उखळात कुटणं जमेना. घरच्या मिक्सरला हात लावायची त्यांना बंदी होती, कारण मागे त्यात निंबोळ्या दळल्यावर आठवडाभर चटणी कडू लागली होती. तेव्हा या सद्गृहस्थांनी लेकीच्या रुखवतात मांडायला आणलेल्या नव्या मिक्सरचं खोकं फोडलं! भुकटी भिजवली, गाळली, साबण कालवला आणि दर आठवड्याला संध्याकाळी फवारत राहिले. मिक्सरचं भांडं राखेनं, चिंचेनं घासलं, पण कडूपणा हटेना. ताईंनी बोलणंच टाकलं. रागावावं की हसावं, मला कळेना.

वांगी मात्र तरली. काही किडकी निघाली, पण पंगतीला भाजी पुरली आणि व्याह्यांनी ती दोनदा मागून घेतली. पाठवणीच्या वेळी साडू खाली मान घालून लेकीला म्हणाले, "माय, तुले दुसरा मिक्सर आणून देतो."

"नको बाबा, मले हाच पायजे. तिकडंबी मळ्यात वांगेच हायेत."

साडूंनी मिक्सर उचलला आणि स्वतःच नेऊन गाडीत ठेवला.

मेहकरला सासरी ती आता त्याच मिक्सरात निंबोळ्या दळते. पूर्वी हे बापलेक अंगणात बसून एका टोपलीत निंबोळ्या वेचायचे. आता साडू एकटेच वेचतात, पण टोपल्या दोन भरतात, आणि दुसरी घेऊन मेहकरची बस पकडतात.