मडक्यातले हरभरे

कळसच्या सारजाताईंना मी अकरा वर्षं ओळखते, आणि त्यातली निम्मी तरी त्यांच्यावर चिडण्यात गेली. बाई स्वतःचं कधी बोलायचीच नाही. त्या आमच्या संस्थेच्या गावातल्या कार्यकर्त्या. "आपण ठरवायचं नाही, लोकांना ठरवू द्यायचं," हे बारामतीच्या शिबिरात आम्ही सगळ्यांनीच ऐकलं आणि चहाबरोबर गिळून टाकलं. सारजाताईंनी ते मनावर घेतलं.

गावच्या पाणी समितीत तेवीस बाया. सासूसमोर सुना हात वर करीनात, म्हणून ताईंनी मडकं आणलं. पदराआड मूठ न्यायची. ज्वारीचा दाणा टाकला तर होय, हरभरा टाकला तर नाही. मडक्यातून निघेल ते सगळ्यांनी पाळायचं, ताईंनीसुद्धा. नळाच्या पाळ्या अशाच ठरल्या.

यंदा त्यांनाच गावातून सुटायचं होतं. लेक प्रगती भिगवणला, नववा महिना, घरात दुसरं बाईमाणूस नाही. तिच्या पहिल्या बाळंतपणात गावची मोटर जळाली, ताई इथं अडकल्या, आणि ते मूल हाती लागलं नाही. रजेवर जायचं तर बदली माणूस लागतो, तो आमच्याकडे कधीच नसतो. एकच वाट होती. "आता आमचं आम्ही बघू," असा गावानं ठराव केला की कार्यकर्ता मोकळा.

बैठकीआधी मी म्हटलं, "ताई, बायांना प्रगतीचं सांगा."

"सांगितलं तर त्या माझ्याकडं बघून दाणा टाकतील. समितीकडं बघून न्हाय."

समाजमंदिरात त्या उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "समितीचं तुमचं तुमी बघाल का? मी जाऊ का?" मग भिंतीकडे तोंड करून बसल्या. मडकं फिरलं. अध्यक्ष कौसल्याकाकूंनी ते परातीत उपडं केलं. तेवीसच्या तेवीस हरभरे.

बाया हसायला लागल्या. मायेनंच हसत होत्या, त्याचाच मला जास्त राग आला. कौसल्याकाकू तर हरखून गेल्या होत्या.

"बगा ताई, तुमच्या तोंडाकडं न बगता पयल्यांदाच ठरवलं आमी. तुमाला सोडायचं न्हाय. शिकलो का न्हाय?"

मी बोलायला उठले, तर ताईंनी माझं मनगट धरलं.

"नोकरी सोडा सरळ," मी हळूच म्हटलं.

"आन मडकं मीच फोडू व्हय?" मग त्या काकूंकडे वळल्या. "शिकला, काकू. लई चांगल्या शिकला."

ठरावाची वही पुढं आली. पिशवीत त्यांचा फोन वाजायला लागला. सही करून वही मिटेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही.