पाचशे कार्डांवरची टिकली

मंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्राच्या कार्यालयात आतलं पान लावत होतो. फोन तिच्या मुलीचा, अस्मिताचा होता. "मामा, आई गेली. सकाळी पावणेअकराला," एवढं ती म्हणाली, आणि मग, "पेपरात द्यायचं तर फोटो लागेल ना?" मी हो म्हणालो. मंदाताईला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. कळल्यापासून जाईपर्यंत चार महिने. वय सत्तेचाळीस. तिला जाऊन आता पाच आठवडे झाले.

मंदाताई माझी आतेबहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लग्नाआधी तिनं ठाण्यात कमर्शियल आर्टचा कोर्स केला होता. लग्न होऊन ती डोंबिवलीत, कोपरच्या बाजूला दोन खोल्यांत राहायला आली. नवरा कोलशेतच्या एका कारखान्यात फिटर होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो काविळीनं गेला तेव्हा अस्मिता तीन वर्षांची होती आणि मंदाताई तिशीच्या आत. सासूबाईंनी मंगळसूत्र कपाटात ठेवलं. टिकली लावू नकोस असं मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती तिनं आपणहून सोडली, आणि पुन्हा लावायची का, हा विषय घरात कुणी काढला नाही. आमच्या नात्यातल्या एकदोघी तेव्हा काळी टिकली लावायला लागल्या होत्या. मंदाताईनं तेही केलं नाही. "आता कुठे नवीन सवय लावून घेऊ," म्हणाली. त्याच महिन्यात ती स्टेशनजवळच्या एका छापखान्यात कामाला लागली. छापखान्याच्या मालकांना सगळे अण्णा म्हणत. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, व्हिजिटिंग कार्डं आणि सप्टेंबरपासून दिवाळीची शुभेच्छापत्रं, असं तिथलं काम.

ती शुभेच्छापत्रं मंदाताई हातानं करायची. दवाखान्यातून जुन्या एक्सरे फिल्म आणायच्या, धुवायच्या, त्यातून आकाशकंदिलाचा किंवा समईचा आकार ब्लेडनं कापायचा, तो कार्डावर ठेवून दात घासायच्या ब्रशनं रंग उडवायचा. तिची फिल्म शंभर कार्डांपर्यंत टिकायची, इतरांची चाळिसात फाटायची. मी नुकताच वर्तमानपत्रात लागलो होतो. माझी सुट्टी गुरुवारी, आणि गुरुवारी छापखान्यात जाऊन तिच्या कामाची प्रुफं वाचायची हा माझा नेम झाला. चहा अण्णांचा असे.

दहाएक वर्षांनी अण्णांनी संगणक घेतला. त्याच्यासाठी मागची खोली काचेनं बंद करून एसी बसवला आणि चपला बाहेर काढण्याची पाटी लावली. मंदाताई तीन महिने ठाण्याला क्लासला जाऊन फोटोंवर काम करायचं सॉफ्टवेअर शिकली. चाळिशी ओलांडलेली त्या वर्गात ती एकटीच होती. मला तिनं पहिल्यांदा दाखवलं ते चित्र नव्हतं, चूक कशी मागे घ्यायची ते. एक रेघ ओढली, दोन बटणं दाबली, रेघ गेली. "कागदावर हे नाही रे विनू येत," ती म्हणाली. "बाकी काही नवीन नाही. ब्रश धुवायला नको, पण डोळा तोच लागतो."

चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीची ही गोष्ट. कोपर गावातले पांडुरंगशेठ म्हात्रे रेती-विटांचा पुरवठा करत. त्या उन्हाळ्यात त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. बरे झाल्यावर, ज्यांनी ज्यांनी विचारपूस केली त्यांना घरातल्या सगळ्यांचा फोटो असलेलं रंगीत शुभेच्छापत्र पाठवायचं त्यांनी ठरवलं. आजारपणात ते फार वाळले होते, म्हणून फोटो दोन वर्षांपूर्वीचा दिला, मोठ्या मुलीच्या साखरपुड्यातला. फ्रेममध्ये ओल जाऊन त्यावर बारीक डाग पडले होते. मागे एक टेम्पो उभा होता आणि दोरीवर कपडे वाळत होते. मंदाताईनं टेम्पो काढला, दोरी काढली, तिथे खाडीवरचं संध्याकाळचं आकाश आणि पणत्यांची रांग आणली. शेठच्या पत्नीच्या, सुमनताईंच्या, गजऱ्याची कड कापायला तिला दोन दुपारी लागल्या. शेवटी डाग राहिले. त्या सॉफ्टवेअरमध्ये धूळ आणि ओरखडे एकदम काढायची एक सोय होती. तिनं ती पूर्ण फोटोला लावली. डाग गेले. सुमनताईंची टिकली मोहरीएवढी, जवळजवळ डागांच्याच मापाची. तीही गेली. नथ राहिली, मंगळसूत्र राहिलं.

गुरुवारी मी प्रूफ वाचलं. मजकूर तीनदा वाचला, सगळी नावं पत्त्याच्या वहीशी ताडली आणि कोपऱ्यात सही केली. फोटो मी पाहिला असणार. पाहिला असं मला आठवत नाही. रंगीत छपाईसाठी मुंबईला पाठवलेली पाचशे कार्डं आली तेव्हा धनत्रयोदशीला सहा दिवस होते.

म्हात्र्यांच्या घरी गठ्ठा सुटला आणि चूक पहिल्यांदा दिसली ती शेठच्या आईला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी चेहरे पाहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेठ स्कूटरवरून छापखान्यात आले. तो गुरुवार होता, मी तिथेच होतो. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि बायकोच्या कपाळावर बोट टेकवलं.

"अण्णा, मी जिता हाय ना? मंग हिचा कपाल मोकला कसा? आई कालपासना जेवली नाय."

अण्णांनी कार्ड उचलून चष्म्याजवळ धरलं. मंदाताई काचेच्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "काम माझं आहे. चूकही माझीच." शेठनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या कपाळाकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज उतरला. "बाय, तुमाला काय बोलू..." असं म्हणून ते बाकड्यावर बसले.

पुन्हा छापून आणायला वेळ नव्हता. मंदाताईनं हिशेब सांगितला: आर्ट पेपरवर पोस्टर कलर टिकणार नाही, छपाईचीच लाल शाई बोरूच्या बारीक टोकानं लावली तर एका दिवसात सुकेल, पाचशेला दीड दिवस पुरे. शेठ म्हणाले घरी विचारून सांगतो, आणि गेले. ते गेल्यावर अण्णा बराच वेळ टेबलावरच्या पेन्सिली सरळ करत राहिले.

"मंदाताई, तुम्ही नका लावू. दुसऱ्या कुणाला तरी सांगू."

"का?"

"समजून घ्या. सणाचं काम आहे. सवाष्णीचं कपाळ आहे. मला स्वतःला काही नाही हो, पण गिऱ्हाईक उद्या काय काय विचारेल... लग्नपत्रिका असतात आपल्याकडे."

"म्हणजे लग्नपत्रिकाही नकोत आता माझ्या हातच्या," मंदाताई म्हणाली. ती हे विचारत नव्हती, नोंद करत होती. छापखान्यात वर्षातले आठ महिने काम चाले ते लग्नपत्रिकांवर. त्या काढून घेतल्या तर तिच्यासाठी तिथे फारसं काही उरत नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. प्रुफावरची सही माझी आहे, हे सांगण्याची ती वेळ होती. मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे आमच्याकडे वीज नसण्याचा वार. माझी पाळी दुपारची होती, म्हणून सकाळी मी तिथे गेलो. दहाच्या सुमारास रिक्षातून सुमनताई उतरल्या, मागोमाग कार्डांचे गठ्ठे. त्यांना मी प्रत्यक्ष प्रथमच पाहत होतो. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या.

"कोन ती बाय, जिनी माजी टिकली काडली?"

मंदाताई उभी राहिली.

"मंग तुमीच लावा. काडली तिनी लावायची. दुसरी कोनी कशाला?"

अण्णा मध्ये पडले. "वहिनी, ते बरोबर आहे, पण घरी चालेल का? तुमच्या सासूबाईंना..."

"सासूचा मी बगून घेन. दोन म्हयने दवाखान्यात नवऱ्याच्या उशाशी मी बसलेली. कागदावरच्या ठिपक्यानी मरत असता, त तवाच मेला असता." मग त्या मंदाताईकडे वळल्या. "पर जरा मदोमद लावा. एका बाजूला गेली त लोक बोलतील, म्हात्रीन झोपेत नटली."

मंदाताई हसली. अण्णांनी खिडकीपाशी टेबल सरकवून दिलं.

सुमनताई समोर बसल्या, नमुना म्हणून. मी कार्डं एकेक करून पुढे ठेवत होतो आणि झालेली बाकांवर पसरत होतो. बोरूचं टोक शाईत, शाई बशीच्या कडेला निपटायची, मग कपाळ. दर कार्डाला मिनिट-दीड मिनिट. साठ-सत्तर झाल्यावर सुमनताईंनी सहज विचारलं, "पर तुमाला दिसली कशी नाय?"

मंदाताईनं हातातलं कार्ड पुरं केलं. "पुसली मशीननं. पण पुसल्यावर दोन तास मी त्याच चेहऱ्यावर काम करत होते. त्यात काही कमी आहे असं मला वाटलंच नाही... रोज आरशात तसाच बघते ना."

सुमनताईंनी माझ्या हातातून पुढचं कार्ड घेतलं आणि स्वतः तिच्यासमोर ठेवलं. तेव्हा मी अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की प्रूफ मी वाचलं होतं, कोपऱ्यातली सही माझी आहे. "माहीत आहे," मंदाताई मान वर न करता म्हणाली. "तू अक्षरं वाचायला आला होतास. ती बरोबर होती." अण्णा आत गेले आणि चार चहा सांगून आले.

शनिवारी दुपारी काम संपलं. सात कार्डांवर शाई फुटली, ती बाजूला काढली. बाकीची वेळेत पोस्टात पडली. अण्णांनी लग्नपत्रिकांचा विषय पुन्हा काढला नाही. मंदाताईकडे त्या पहिल्यासारख्याच येत राहिल्या. पुढच्या वैशाखात म्हात्र्यांच्या धाकट्या मुलीची लग्नपत्रिका तिनंच केली. धूळ एकदम काढायची ती सोय मात्र तिनं माणसांच्या फोटोवर पुन्हा कधी वापरली नाही. डाग कितीही असोत, एकेक मोठा करून बघायची आणि मग काढायची. गिऱ्हाइकाला सांगायची, नावं तुम्ही तपासा, पण फोटो बघायला घरातल्या बाईंना पाठवा. काही पुरुषांना याचा राग यायचा. ती म्हणायची, मग काम आज नाही, सोमवारी मिळेल.

फोटोचं अस्मितानं विचारलं होतं, त्याविषयी सांगायला हवं. ती आता ठाण्यात एका जाहिरात कंपनीत आईचंच काम करते. मंदाताईचा एकटीचा म्हणावा असा एकच फोटो घरात निघाला. गच्चीत ती उभी आहे, मागे भिंत, हातात वाळत घालायला आणलेली कापलेली फिल्म. जुन्या रंगीत फोटोंचं होतं तसं सगळं तांबूस झालेलं, आणि ओलीचे काळे ठिपके. अस्मितानं तो संगणकावर घेतला आणि मला शेजारी बसवलं. भिंतीवर ठिपके होते, खांद्यावर एक होता, आणि एक दोन्ही भुवयांच्या मधोमध.

"मामा, हा बाबा असतानाचा की नंतरचा?"

मी नीट पाहिलं. साडी मला ओळखता आली नाही. फोटोच्या मागे काही लिहिलेलं नव्हतं. फिल्मवरून सांगता येईल म्हटलं, तर तशा फिल्म ती लग्नाआधीही कापायची. मला माहीत नाही, असं मी तिला सांगितलं.

वर्तमानपत्रात एका कॉलमाच्या रुंदीत त्यातलं काही दिसलं नाही. घरी लावलेला फोटो मोठा आहे. भिंतीवरचे ठिपके अस्मितानं एकेक करून काढले. खांद्यावरचा काढला. कपाळावरचा तिनं दोनदा मोठा करून पाहिला, आणि ठेवला.