अंधारातली वही

कॉलेजात असताना सिनेमा कसा बघावा, हे शिकवणारं एक पुस्तक मी वाचलं. तेव्हापासून मी कोल्हापूरच्या थेटरात वही घेऊन बसायचो आणि अंधारातच कॅमेऱ्याचे कोन टिपायचो. तिथला डोअरकीपर बॅटरी काखेत धरून, पडद्याकडे पाठ करून, लोकांची तोंडं बघत उभा असायचा. मला त्याची कीव यायची.

एकदा दुपारचा खेळ सुटल्यावर त्यानं मला दारात गाठलं. "पावणं, मगाशी समदं थेटर रडलं की. तुमी एकटंच मुंडी खाली घालून लिवत हुतासा. सिनेमा आवडत न्हाय तर येतायसा कशाला?"

घरी येऊन वही उघडली. ओळीवर ओळ चढली होती. एक अक्षर लागेना. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं त्यालाच जाऊन विचारलं, "मामा, काल लोक रडले कशाला?"